राखीव किल्ली

त्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी बाबांनी बेकरीवाल्याला परत पाठवलं, कारण त्याच्या हातात हिरवं बटण होतं आणि हिरवी बटणं दुपारनंतरची होती.

"साहेब, रांगेत दुसरं कोणीच नाहीये. मी एकटाच आहे."

"एकटे असलात तरी दुपारचे आहात," बाबा खिडकीतून म्हणाले. "बसा. पाणी हवं तर मागा. पाण्याला बटण लागत नाही."

बेकरीवाला मुकाट्याने सोफ्यावर जाऊन बसला. शेजारी लेक पुस्तक वाचत बसली होती. चार दिवसांची रजा काढून ती माहेरी आली होती. एरवी ती दुसऱ्या गावातल्या ग्रंथालयात असायची. त्याने तिच्याकडे आशेने पाहिलं. तिने खांदे उडवले. साहेबांची मुलगी असल्याचा फायदा तिला स्वतःलाच कधी झाला नव्हता. लहानपणी सायकलसाठी तिने बाबांना रीतसर अर्ज लिहून दिला होता आणि तो 'अपूर्ण' म्हणून परत आला होता.

खिडकी म्हणजे खरं तर स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या भिंतीतला चौकोन. त्यातून आई ताटं सरकवायची. निवृत्तीनंतर त्या चौकोनाच्या आत, ओट्याला पाठ लावून, बाबा खुर्ची टाकून बसत. बाहेर रांग. टोकन म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं: सकाळची पांढरी, दुपारची हिरवी. एक ते दोन खिडकी बंद. त्या वेळात आईला बाहेरच्या खोलीत जेवण द्यायचं असलं तरी तिने वळसा घालून दारातून जायचं.

आणि हा सगळा थाट कशासाठी? तर फोनमधल्या नाण्यांसाठी.

त्यांच्या देशात परकीय चलन घरात ठेवणं हा गुन्हा होता आणि ठेवायची परवानगी मागणं ही शिक्षा. परदेशी गेलेल्या पोरांनी आईबापांना पाठवलेला पैसा बँकेत महिनोन्महिने कुजत पडायचा आणि शेवटी हातात पडायचा तो सरकारी भावाने. त्या भावात बाजारात सुईसुद्धा मिळत नसे. बाबांची अख्खी नोकरी त्याच बँकेतल्या परकीय चलनाच्या खिडकीमागे गेली होती. 'नामंजूर'चा शिक्का त्यांच्या हातात इतका बसला होता की घरी पोळी भाजतानासुद्धा ते ती तव्यावर तसाच झटका देऊन दाबत.

मग लोकांच्या फोनमध्ये ती नाणी आली. दिसत नाहीत, वाजत नाहीत, सीमेवर कोणी अडवत नाही. परदेशातला मुलगा तिकडून नाणं पाठवतो, इकडे कोणीतरी ते घेतो आणि रोख पैसे देतो. बघता बघता औषधाच्या दुकानापासून चष्मेवाल्यापर्यंत सगळे त्यात शिरले. बाबांनी वर्षभर नाक मुरडलं. नंतर एका सकाळी त्यांनी बँकेची जुनी परिपत्रकं काढली, सगळी वाचली आणि चष्मा पुसत आईला म्हणाले, "अगं ऐकलंस का, याबद्दल परिपत्रकच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बंदी नाही. परवानगीही नाही, पण परवानगी लागते असं कुठेच म्हटलेलं नाही." आयुष्यात पहिल्यांदाच रिकामं मैदान दिसल्यासारखे त्यांचे डोळे चमकले. आणि त्या मैदानावर त्यांनी पहिली गोष्ट काय उभारली, तर रांग.

लोक हसायचे, पण यायचे त्यांच्याकडेच. चौकातला मोबाइलवाला झटपट काम करायचा आणि झटपट गुंडाळायचाही. साहेब छळतील, पण बुडवणार नाहीत, ही खात्री त्यांच्या छळण्यातूनच आली होती.

प्रत्येक व्यवहारातून बाबा चिमूटभर 'हाताळणी शुल्क' कापून बाजूला ठेवत. ते होतं आईच्या डोळ्यासाठी. आईच्या उजव्या डोळ्यात आता फक्त उजेड उरला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. डॉक्टर म्हणाले होते, शस्त्रक्रिया मी करतो, पण तिला लागते तशी लेन्स बाहेरूनच मागवावी लागेल, तिकडच्या विक्रेत्याला पैसे पोचवा. आणि फार थांबू नका, डोळा थांबत नाही. उपचारासाठी परकीय चलन बँकेतून मिळायची सोय होती. त्याचा अर्ज होता. अर्जात एक अट होती: रुग्णाने अधिकाऱ्यासमोर संपूर्ण मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून सही करावी.

"ही कोणत्या गाढवाने घातली?" लेकीने विचारलं होतं.

बाबा बराच वेळ खिडकीचा कठडा पुसत राहिले. "त्या काळी लबाडी फार व्हायची," ते म्हणाले.

त्या दिवशी दुपारी बेकरीवाल्याचं काम झालं. शेवटी वरच्या मजल्यावरचे रोखपाल काका आले. बाबांच्याच बँकेत रोख सांभाळायचे. दोघांचं उभ्या आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. पंखा कितीवर ठेवायचा यावरून दोघांनी साहेबलोकांकडे एकमेकांच्या लेखी तक्रारी केल्या होत्या. काका रोज एक बटण घेऊन रांगेत उभे राहत आणि नंबर आला की जिन्यातल्या गर्दीबद्दल तक्रार करत.

"तक्रार नोंदवली," बाबा म्हणाले.

"कुठे नोंदवलीत? कागद कुठाय?"

"इथे," म्हणून बाबांनी कपाळावर बोट ठेवलं. "कागद फुटतो."

संध्याकाळी बाबांनी खिडकीची फळी ओढली आणि रोजच्यासारखं म्हणाले, "माझी किल्ली फिरली."

ओट्यापाशी भांडी चाचपत आई म्हणाली, "माझीही फिरली."

ही बँकेची रीत. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. बंद करताना पहिल्याने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, तेव्हा ती बंद झाली असं धरायचं. बाबांनी ती घरी आणली: दार लावताना, दिवा मालवताना, गॅस बंद करताना. लेक दुसऱ्या गावी राहायला गेल्यावर दर रविवारी फोन ठेवण्याआधीही ते म्हणत, "माझी किल्ली फिरली," आणि थोडं थांबत. लेक म्हणायची, "बरं, ठेवते बाबा." मैत्रिणींसमोर, सहकाऱ्यांसमोर, बसमध्ये हे असलं काही म्हणायचं म्हणजे तिला कसंतरीच व्हायचं. एकटी असली तरी व्हायचं.

त्या संध्याकाळी ती परत निघाली तेव्हाही दारात ते म्हणाले आणि थांबले. "येते बाबा. पोचले की कळवते," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्यावर टाकून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खिडकी उघडली, खुर्चीत बसले आणि गेले. रांगेतल्या लोकांना बराच वेळ वाटलं, साहेब विचार करताहेत. कोणी हाक मारायची हिंमत केली नाही. शेवटी पहिल्या नंबरच्या शिक्षिकाबाईंनी आपलं बटण कठड्यावर टक टक वाजवलं, आणि साहेबांनी त्याबद्दल रागावून पाहिलं नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं.

सगळं आटोपल्यावर लोक भेटायला येऊ लागले. लेकीने दार उघडलं की समोर ओळीने माणसं उभी, प्रत्येकाच्या मुठीत बटण. कोणीही सांगितलं नव्हतं. आत येत, आईसमोर बटण ठेवत, दोन शब्द बोलत, आणि पुढच्याला जागा करून देत. बेकरीवाल्याला रडू आवरेना. "मला साहेबांनी कधी लवकर सोडलं नाही हो," तो म्हणाला, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

एक वाजला तसे सगळे आपणहून उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. दोनला परत आले.

आठवड्याभराने लेकीने बाबांचा फोन हातात घेतला. लेन्सचे पैसे त्यात होते, आणि डॉक्टरांचा निरोप येऊन गेला होता: विक्रेता महिनाअखेरपर्यंत लेन्स राखून ठेवेल, पुढचं सांगता येत नाही. फोन बाबांच्या अंगठ्याने उघडायचा. तिने चौकातल्या मोबाइलवाल्याला टाळून बाजारातल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे धाव घेतली. बाईंनी फोन उलटसुलट पाहिला.

"हा गेला असंच समजा. पण नाणी फोनमध्ये नसतातच मुळी. नाण्यांची तिजोरी काढताना बारा शब्द दिलेले असतात. ते क्रमाने नव्या फोनवर टाकले की सगळं परत येतं. लिहून ठेवलेत का त्यांनी?"

"बाबांनी? लिहून?" लेकीला हसूच आलं.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आई चाचपडत लसूण सोलत होती. "बारा शब्द शोधायचे कुठून गं आई?"

"सहा आहेत माझ्याकडे," आई म्हणाली.

लेक बघतच राहिली. "मी बाजारात धावत जाऊन आले! आधी बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी? आणि नुसत्या सहांचं करायचं काय? बाकीचे दुसऱ्या किल्लीवाल्याकडे."

"कोण दुसरा?"

आईने मान वर करून छताकडे बोट दाखवलं. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रोखपाल काका? त्या दोघांचं तर पटत नव्हतं!"

"म्हणून तर. हे म्हणायचे, मित्राला दिलेली किल्ली ही किल्ली नव्हे. मित्र मित्राचं ऐकतो."

काका आले ते इस्त्रीचा सदरा घालून, छातीला पेन लावून. खुर्चीत बसले नाहीत. लेकीने नवा फोन पुढे केला आणि म्हणाली, "काका, आई तिचे शब्द मला सांगेल, तुम्ही तुमचे सांगा, मी टाकते."

काका दोन पावलं मागे सरले. "एकाच माणसाच्या हाती दोन्ही किल्ल्या? बाळ, तुझे बाबा असते तर तुला जिन्यावरून खाली ढकललं असतं."

"पण मी त्यांची मुलगी आहे!"

"नातेवाईक तर मुळीच नाही."

"बरोबर आहे भावजींचं," आई म्हणाली. नवऱ्याच्या माघारी या दोघांचं पहिल्यांदाच कशावर तरी पटलं होतं, आणि ते लेकीच्या विरुद्ध.

बराच खल झाला. शेवटी ठरलं ते असं: आईला दिसत नाही, म्हणून तिचे शब्द लेकीने टाकायचे, आणि तेवढा वेळ काकांनी जिन्यात थांबायचं. मग काकांनी स्वतःच्या हाताने स्वतःचे शब्द टाकायचे, आणि तेवढा वेळ मायलेकींनी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

काका जिन्यात गेले. आई लेकीच्या कानाला लागून सांगू लागली: छत्री, लिंबू, शिडी... लेकीचा हात थबकला. वर्षभर ती माहेरी आली की कणीक मळताना आई हेच तर पुटपुटत असायची! लेकीला वाटायचं, आई देवाचं काहीतरी म्हणते. एकदा तर तिने कौतुकाने विचारलंही होतं, कोणतं गं हे स्तोत्र? आई म्हणाली होती, यांनी शिकवलंय.

मग काकांची पाळी. मायलेकी ओट्यामागच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेरून बोटाचे ठोके ऐकू येऊ लागले, दोन ठोक्यांच्या मध्ये एकेक उसासा.

"माझा पहिला शब्द काय आहे ते मी सांगणार नाही," काका बाहेरून म्हणाले, "पण तो तुझ्या बाबांनी मला मुद्दाम दिला."

"शब्द फोन देतो काका. माणूस निवडत नाही."

"वाटणी कोणी केली? पहिले सहा वहिनींना, पुढचे सहा मला, हे कोणी ठरवलं?" पुन्हा ठोके. मग बराच वेळ काहीच नाही. मग वैतागून, "हा ढ कुठे दडवून ठेवलाय मेल्यांनी?"

लेकीने गालाचं आतलं मांस दातांत धरलं. शेजारी आईचे खांदे हलायला लागले. लेकीला वाटलं ती रडतेय, म्हणून तिने हात धरला. तर आई पदर तोंडात कोंबून हसत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. "यांनी मला सांगितलं होतं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "म्हणाले होते, त्याचा पहिला शब्द निघाला तेव्हा मी खिडकी लावून घेऊन हसलो."

"झालं!" काकांनी पुकारा केला. दोघी बाहेर आल्या. फोनवर गोल चक्र फिरत होतं. थांबलं. तिजोरी उघडली.

आत शून्य होतं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बरोबर टाकलेत. वहिनी, शपथेवर सांगतो, मी..."

"तुम्ही चुकणार नाही," आई म्हणाली. "तुमच्या चुका काढण्यात यांची नोकरी गेली. एक सापडली नाही."

काकांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं आणि तो बराच वेळ घडी घालत राहिले.

लेकीने दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला. पलीकडून बाई म्हणाल्या, "बारा शब्द बरोबर आणि आत शून्य? मग त्यांनी वर एक जादा परवलीचं वाक्य लावलेलं दिसतंय. फार सावध माणसं लावतात. ते वाक्य टाकल्याशिवाय रिकामीच तिजोरी दिसते."

फोन ठेवला तोच काका कपाळावर हात मारून म्हणाले, "राखीव किल्ली! अरे देवा, विसरलोच. दोघा किल्लीवाल्यांवरच सगळी भिस्त राहू नये म्हणून तिसरी. ती कधीच त्याच इमारतीत ठेवत नाहीत. दुसऱ्या शाखेत पाठवतात."

"दुसरी शाखा कुठली?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आईनेही, आवाजाच्या रोखाने, तिच्याकडेच तोंड केलं.

"माझ्याकडे काही नाही," लेक म्हणाली. "मला बाबांनी काहीच दिलं नाही. खरंच सांगते. दर रविवारी फोनवर जेवलीस का, पाऊस आहे का, पुस्तकं परत देतात का लोक, एवढंच. आणि शेवटी..."

ती थांबली.

शेवटी ते म्हणायचे आणि थांबायचे. किल्ली तिच्याकडे दिलेली आहे, ती जागेवर आहे ना, एवढंच पाहत होते ते. दर रविवारी. आणि ती जागेवर असल्याचं उत्तर एकदाही गेलं नव्हतं, तरी त्यांनी ती काढून घेतली नव्हती.

"ओळखलंत ना तुम्ही दोघांनी?" तिने विचारलं.

"ओळखलं असेल," काका म्हणाले. "पण ती किल्ली माझ्या नावावर नाही."

"माझ्याही नाही," आई म्हणाली.

लेकीने फोन घेतला. तोंडातून अक्षर न काढता तिने जादा वाक्याच्या चौकटीत दोन शब्द टाकले. चक्र फिरलं, थांबलं, आणि रिकाम्या तिजोरीच्या जागी दुसरी उघडली. लेन्स, आणि वर विक्रेत्याचा टपालखर्चही निघेल इतकी नाणी होती. तिजोरीला बाबांनी नाव देऊन ठेवलं होतं: 'अर्ज मंजूर'.

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आईने हात पुढे केला आणि फोनच्या काचेवरून एकदा बोट फिरवलं, तांदळातला खडा शोधावा तसं.

विक्रेत्याला पैसे पाठवायला बेकरीवाल्याकडे पाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. त्याची पोच आली. लेकीने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चला, झालं. चहा टाकते."

काका जागचे हलले नाहीत.

"उघडली म्हणून झालं नाही बाळ. बंद कोण करणार?"

"ती आपोआप होते काका."

"आमच्या वेळी कधी झाली नाही."

आई उठली. भिंत धरत स्वयंपाकघरात गेली आणि आतून खिडकीची फळी ओढायला लागली. ती अर्ध्यावर अडकली, तशी काकांनी बाहेरून धरली, आणि आजवर ज्या खिडकीसमोर उभं राहून त्यांनी फक्त तक्रारी केल्या ती दोघांनी मिळून लावली. काकांनी सदरा खाली ओढून सरळ केला.

"माझी किल्ली फिरली," ते म्हणाले.

"माझीही फिरली," आतून आई म्हणाली.

मग दोघं थांबले. तेच थांबणं, नेमकं तेवढंच. लेक लावलेल्या फळीसमोर उभी होती. कठड्यावर कोणाचं तरी हिरवं बटण राहून गेलं होतं, दुपारनंतरचं. तिने ते मुठीत घेतलं. कसंतरीच वाटत होतं, अगदी पूर्वीसारखंच, आणि ती म्हणाली, जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"माझीही फिरली, बाबा."